सातव्या महिन्यातलं लग्न

केचो राजधानी, घोड्याचं वर्ष
सातव्या महिन्याची द्वितीया

वन्संना लुआचा नमस्कार.

तुमचं पत्र सोईबाईच्या होडीनं पोचलं. मुगाच्या वड्याही पोचल्या. अर्ध्या सोईबाईनं वाटेत खाल्ल्या असाव्यात, कारण पानाचं वेष्टण मोठं होतं आणि वड्या मूठभर. पत्र आणणाऱ्या माणसाशी भांडू नये.

इकडे सगळं ठीक आहे. उकाडा फार आहे, दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. महाराजांची प्रकृती बरी आहे. गेल्या महिन्यात खोकला होता, तो आता अजिबात ऐकू येत नाही. भूकही चांगली आहे. ताट रिकामं परत जातं.

तुम्ही लिहिलंत, की राजाच्या ताटातलं बघून बघून आता मला गावची भाजी गिळवत नसेल. वन्सं, इथलं अन्न आधी राज्याचा कारभार हाती असलेल्या सरकारांच्या वाड्यावर जातं, तिथे दोन माणसं चाखतात, फान अधिकारी बघतात, मग ते महाराजांकडे येतं. तोवर भात गार आणि रस्सा घट्ट झालेला असतो. देशाच्या सम्राटानं वीस वर्षांत गरम घास खाल्ला असेल तर तो चोरून. तुमच्या चुलीपुढे बसून खाणारा माणूस जास्त सुखी आहे. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

माझं काम तेच. ताट आत न्यायचं, बाहेर आणायचं, चादरी बदलायच्या, पंखा हलवायचा, संध्याकाळी थोडं वाचून दाखवायचं. तुमचे बंधू इथे छपाईच्या फळ्या कोरत तेव्हा मी शाई कालवायला येत होते. ते गेल्यावर कुणी जा म्हटलं नाही म्हणून राहिले. एवढीच माझी राजसेवा.

आता मुख्य गोष्ट. माझ्या दाओला सकाळी मासळीच्या रसाचा वास सहन होत नाही, आणि तुम्ही तिच्या चोळीची शिवण उसवून सैल केलीत, एवढं लिहून तुम्ही पुढे भाताच्या रोपांवर गेलात. मला कळलं. हुआनचंच आहे हेही कळलं, कारण तसं नसतं तर तुम्ही रोपांबद्दल एक अक्षर लिहिलं नसतं.

मी पोरीवर रागावलेली नाही. तिला सांगा. वसंतात विडा-सुपारी झाली आहे, मुलगा आपल्याच आळीतला आहे, यांच्याच हाताखाली छिन्नी धरायला शिकलेला आहे. दोघं एकाच अंगणात लाकूड तासतात, त्यातून हे होणार होतं. तुम्ही दोघांना वेगळं बसवायला हवं होतं वगैरे म्हणायला मी तिथे नव्हते, म्हणून म्हणत नाही.

लग्न दहाव्या महिन्यात, कापणी झाल्यावर ठरलं आहे. पोट दिसायला लागेल, पण घरातल्या घरात झाकता येईल असं तुमचं म्हणणं. एरवी मीही हेच म्हटलं असतं. पण वन्सं, लग्न दहाव्यापर्यंत ठेवू नका. याच महिन्यात उरका. पौर्णिमेच्या आत झालं तर उत्तम.

कारणं विचाराल. हुआनला बांध घालायच्या कामावर नेतील असं इथे ऐकू येतं. शिवाय भात महागेल. शिवाय मला दहाव्या महिन्यात सुटी मिळेलच असं नाही, तेव्हा माझी वाट बघण्यात अर्थ नाही. यातलं जे पटेल ते हुआनच्या वडिलांना सांगा.

उत्तर सोईबाईबरोबरच पाठवा, दुसऱ्या कुणाबरोबर नको. तिला वाचता येत नाही.

तुमची भावजय,
लुआ

---

केचो
सातव्या महिन्याची नवमी

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. उकडत होतं म्हणून मी ते तळ्याकाठी बसून वाचलं, आणि वाचून झाल्यावर आणखी उकडलं.

तुम्ही लिहिता, "सातव्या महिन्यात लग्न लावायला आपण भुतं आहोत का?" आणि पुढे, "माझ्या भावानं जन्मभर पंचांग कोरलं आणि त्याच्या बायकोला सातवा महिना कोणता ते कळेना." हे वाचून मला हसू आलं. बरोबर आहे तुमचं. या महिन्यात वाट चुकलेले आत्मे फिरतात, ताटातूट झालेली जोडपी आभाळात रडतात, म्हणून पाऊस पडतो, म्हणून लग्नं लागत नाहीत. मी हे पंचांग उलटं वाचलं आहे, सुलटं वाचलं आहे. मला माहीत आहे.

उलटं म्हणजे खरोखरच उलटं. मला कुणी अक्षर शिकवलं नाही हे तुम्ही जाणता. हे फळी कोरायचे, मी समोर बसून भुसा झाडायचे. फळीवर अक्षर उलटं असतं, तेच मला आधी लागलं. छापलेला कागद हातात घेतला की मला अजूनही अडखळायला होतं. महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी एक पुस्तक आरशापुढे धरून मला वाचायला लावलं. मी भरभर वाचलं. ते इतके हसले की बाहेरचा पहारेकरी आत डोकावून गेला.

असो. विषय सोडून जाते आहे.

हुआनचे वडील हसले, असं लिहिलंत. विटा भाजून झालेल्या नाहीत, भट्टी नवव्या महिन्यात लागणार, आणि गल्लीत विटा बसवल्याशिवाय गाव लग्न धरत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण दुसरीही एक गोष्ट खोटी नाही. आपल्या गावानं मागे पाणवठ्याजवळच्या मुलीचं काय केलं ते तुम्ही पाहिलं आहे. केस भादरले, टाळूला चुना फासला, आईबापांना दंड केला, आणि ती पुढे कुठे गेली हे कुणी विचारलं नाही. मूल जन्मायच्या आधी विटा गल्लीत बसल्या पाहिजेत. दहावा महिना त्या आधी येतो खरा. पण दहावा महिना येईल आणि लग्न येणार नाही, असंही होऊ शकतं.

मला याहून उघड लिहिता येत नाही. तेव्हा आपल्या घरातलं एक लग्न आठवा. माझं.

मी केवढीशी होते, तुम्हीही माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. सगळं दहा दिवसांनी ठरलेलं असताना अचानक वरात आणा म्हणून निरोप आला. माझी आई चिडली, डुक्कर अजून भरलं नाही म्हणाली. आम्ही आलो तेव्हा अंगणात पानं मांडली होती, फटाके होते, आणि माणसं नको तितक्या मोठ्यानं बोलत होती. सासरे दिसले नाहीत. कुणीतरी म्हणालं, आत झोपले आहेत, अंगात कसकस आहे. तुम्ही आतल्या खोलीच्या दारात उभ्या होतात. बाहीचं टोक दातात धरलं होतं आणि माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, नणंदेला मी आवडले नाही. पितरांपुढे नमस्कार झाला, विडा वाटला, विटांची गाडी रिकामी झाली, गावच्या म्हाताऱ्यांनी मान हलवली, आणि मग आजेसासूबाईंनी जाऊन पडदा वर केला. तुम्ही तेव्हा रडलात. ते रडणं आदल्या पहाटेचं होतं. संध्याकाळच्या आत माझं तांबडं उतरवलं आणि पांढरं नेसवलं.

घरात मरण जाहीर झालं की तीन वर्षं लग्न नाही, म्हणून आपल्याकडे मरणाच्या पुढे पळून लग्न गाठतात. हे नवं नाही. त्या दिवशी मला कुणी काही सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगितलं नव्हतं. सांगता येत नव्हतं. आज मीही तुम्हाला काही सांगत नाही.

घर लहान असतं तसं मोठंही असतं. सगळा देश एक घर आहे आणि वर एक बाप आहे, असं शाळेतली मुलं घोकतात.

सोईबाईबरोबर यांच्या छिन्न्या पाठवल्या आहेत, हुआनसाठी. तेल लावलेल्या आहेत. हे गेल्यापासून मी त्यांना कुणाला हात लावू दिला नाही हे तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षी तुम्ही मागितल्यात तेव्हा मी दिल्या नाहीत, त्यावरून आपण चार महिने बोललो नाही. आता मी त्या आपणहून पाठवते आहे. त्यावरून काय ते समजा.

महाराज बरे आहेत. ताट रिकामं जातं.

वाचून झालं की पत्र चुलीत घाला. उत्तर लिहू नका. काहीतरी करा.

लुआ

---

केचो
सातव्या महिन्याची अमावास्या

वन्सं,

काल सोईबाई आली. माझ्यासारखीच पांढऱ्यात होती, कारण आता सगळेच पांढऱ्यात आहेत. तिनं पायरीवर बसून सगळं सांगितलं, मध्ये पाणी मागितलं नाही, यावरून तिलाही ते केवढं वाटलं असेल ते बघा.

तुम्ही छिन्न्या बघितल्यात आणि खाली बसलात, असं ती म्हणाली. मग उठून पहार घेतलीत आणि आपल्याच अंगणातल्या विटा उखडायला लागलात. हुआनचे वडील धावत आले. "ताई, डोकं फिरलं का? भट्टी नवव्या महिन्यात लागायची आहे." तुम्ही म्हणालात, "माझं अंगण भाजलेलंच आहे. गाडी आणा." गावच्या म्हाताऱ्यांनी विटांवर शेवाळ आहे म्हणून नाक मुरडलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वरची बाजू खाली करून बसवा. नव्या दिसतील." आणि सातव्या महिन्यात लग्न कसलं असं जो विचारील त्याला सांगत सुटलात, की भाऊ स्वप्नात आला आणि त्यानं हाच दिवस दिला. पंचांग कोरणाऱ्याशी तिथीवरून कोण वाद घालणार?

सोईबाई म्हणते, दाओ छान दिसत होती. फटाके ओले निघाले, दोनच वाजले. मुसळधार पावसात वरात तीन घरं चालली. हुआननं विटा स्वतः बसवल्या. पौर्णिमा उलटून गेलेली होती, त्या हिशेबानं तुम्ही उशीरच केलात. दुसऱ्या दिवशी बाजारात सुतकाचा नगारा आला.

सम्राटाच्या सुतकात लग्न नाही, वाजंत्री नाही, तांबडं वस्त्र नाही. सरकारांनी जी मुदत जाहीर केली आहे ती संपेपर्यंत दाओचं मूल अंगणभर धावायला लागलेलं असेल. आपल्या पोरीचं डोकं कुणी भादरणार नाही. मी हे वाक्य लिहून थोडी थांबले होते.

आता राहिलेलं लिहिते. या पत्रात झाकायचं काही उरलेलं नाही, झाकणाऱ्यांचं काम झालं आहे.

महाराज गेले ते सहाव्या महिन्याच्या अमावास्येला, दुपारी. खोकल्याची उबळ आली आणि मग आली नाही. खोलीत मी होते, एक म्हातारे वैद्य होते, आणि दारात फान अधिकारी. फान आत आले, महाराजांच्या नाकाशी सूत धरलं, ते हललं नाही. मग ते वळून मला म्हणाले, "बाई, महाराजांना विश्रांती हवी आहे. ताट नेहमीच्या वेळी येईल." मला समजायला वेळ लागला नाही. मी अशाच घरात लग्न होऊन आलेली आहे.

सरकारांना गादीवर महाराजांचे चुलतभाऊ हवे होते. दुसरे काही सरदार धाकट्या भावाला पुढे करणार अशी कुणकुण होती. तेव्हा नवा सम्राट बसेपर्यंत जुना जिवंत ठेवायचा होता. तो त्यांनी माझ्याकडून जिवंत ठेवला. ताट आत जायचं आणि भरलेलं परत गेलं तर स्वयंपाकघरात प्रश्न निघायचे. तेव्हा पडद्याआड बसून ते मी जेवत होते. वन्सं, तुमची भावजय सम्राटाचं जेवण जेवत होती. बदक, कमळाच्या बिया, वाफवलेला मासा, सगळं गार. टाकून द्यायला जागा नव्हती, खिडकीखाली पहारा होता. शिल्लक ठेवलं तर म्हणतील भूक मंदावली, वैद्य बदला. म्हणून सगळं संपवायचं. माझी कंबर वाढली आहे. जो मेला त्याच्यासाठी उपास धरायचा, आणि मी त्याच्या उशाशी बसून तीन वेळा पोटभर खात होते.

सरकारांकडून चहाची पोती आली. ती पिण्यासाठी नव्हती. पेटीत महाराजांच्या चहूबाजूंनी चहा दाबून भरला, वर भाजलेले तांदूळ. उकाडा होता हे मी तुम्हाला लिहिलंच होतं. आता कुणी चहाचा पेला पुढे केला तर मी नको म्हणते.

आणि संध्याकाळी मी वाचत होते. तेही चालू ठेवावं लागलं, कारण पहारेकऱ्यांना रोज त्या वेळी माझा आवाज ऐकायची सवय होती. काय वाचते ते मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. मागे गावठी बोलीतल्या गोष्टी छापू नयेत असा हुकूम निघाला आणि कागद जाळले, तेव्हा यांनी कोरलेल्या बदकवालीच्या गोष्टीच्या फळ्या राहून गेल्या होत्या. पुस्तक जवळ बाळगणं गुन्हा होता, पण लाकूड बाळगणं नव्हता. त्या फळ्या महाराजांच्या पलंगाखाली होत्या, पलंग डुगडुगतो म्हणून टेकू दिलाय असं सांगितलेलं. मी एकेक ओढून काढायची आणि वाचायची. बदकवाली सारा गोळा करणाऱ्या कारकुनाला शिव्या देते तो भाग आला की महाराज म्हणायचे, "तेवढं पुन्हा." ती शिवी आपल्या गावाकडची आहे, यांनी हट्टानं घातलेली. महाराज गेल्यावरही मी तो भाग दोनदा वाचत होते. त्यात काही वेगळं नव्हतं, सवय.

तुम्ही एकदा विचारलं होतंत, राजा माणूस म्हणून कसा आहे. मी टाळलं होतं. सांगते.

चांगले होते. त्यांच्या थोरल्या भावाला सरकारांनी उतरवलं तेव्हा महाराजांना बसवलं. भावाचं पुढे काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि त्यांना सांगितलं नाही. शिक्का सरकारांच्या वाड्यावर असायचा, कागद इथे यायचे ते उमटवूनच यायचे. वसंतात पहिला नांगर धरायचे, हिवाळ्यात आभाळाला नैवेद्य दाखवायचे, वर्षारंभी आपल्या नावानं पंचांग द्यायचे. नांगराचा बैल शिकवलेला असायचा, तीन फेऱ्या मारून आपणच थांबायचा. एका वर्षी तो थांबला नाही, चालतच राहिला. महाराजही त्याच्यामागे चालत राहिले, दरबार चिखलातून मागे. बांधापर्यंत जाऊन आले. त्या दिवसाबद्दल ते मला वर्षानुवर्षं सांगत. गोष्ट तेवढीच, बैल थांबला नाही ही. पण ती सांगताना ते जेवायचं विसरत.

जायच्या दोन दिवस आधी ते शुद्धीवर होते. मला म्हणाले, "बाई, तुमच्या मुलीचं लग्न कधी आहे?"

मी म्हटलं, दहाव्या महिन्यात.

"मी गेलो तर अडेल."

मी म्हटलं, असं बोलू नये.

"बोलू नये ते मी आजवर कधी बोललो? विचारतोय नुसतं. अडेल ना?"

"अडेल, महाराज."

"आणखी कुणाकुणाची अडतील?"

"सगळ्यांची. देशभर."

ते वरच्या तुळईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वीस वर्षं गादीवर बसलो. माझ्या शब्दानं दारातलं मांजर उठलं नाही. आणि मेल्यावर बघा."

त्यांना हसू आलं, हसण्यानं खोकला आला. मी पाठ चोळली. खोकला थांबल्यावर म्हणाले, "तुमचं आधी उरकून घ्या. मी थांबायला बघतो. पण माझं कोण ऐकतंय, तुम्हाला माहीतच आहे."

थांबणं त्यांना जमलं नाही. थांबवलं ते सरकारांनी, आपल्या कामासाठी. दाओचं लग्न त्या फटीतून झालं. मला कुणाचे आभार मानायचे ते कळत नाही, म्हणून मानत नाही.

नव्या महाराजांचंही सांगून टाकते. त्यांना आणायला शिपाई गेले तेव्हा ते घरामागे दोडके तोडत होते. रेशमाची घडी बघून त्यांना वाटलं, गळफासाचं रेशीम आलं. आईनं शिपायाच्या पायांना मिठी मारली. ते राजवस्त्र आहे हे पटवून देण्यात अर्धा दिवस गेला. मेण्यात बसवलं तेव्हा हातात दोडका तसाच होता. इथे आल्यावर ते काही खाईनात. मी त्यांच्यापुढे पहिला घास घेतला, मग जेवले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आधीच्यांनाही तुम्हीच वाढत होता का?" मी हो म्हटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. शहाणे दिसतात.

नवे बसल्यावर जुन्यांचं मरण जाहीर झालं. फान येऊन म्हणाले, "बाई, आता रडायला हरकत नाही." बाकीच्या बायका रडल्या. माझं काही झालं नाही. यांच्या वेळीही असंच झालं होतं, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही मला दगड म्हणाला होतात. माझं रडणं फार हळू येतं आणि एकदा आलं की जात नाही. यांचं अजून चालू आहे, फक्त बाहेर दिसत नाही.

आता माझं. महाराजांना दक्षिणेला, त्यांच्या पूर्वजांच्या मुलखात नेऊन पुरणार आहेत. त्या खोलीत ज्यांचं ज्यांचं पाऊल पडलं त्या सगळ्यांना समाधीवर दिवाबत्तीसाठी पाठवायचं ठरलं आहे. वैद्य आणि मी, आणि ताट उचलणाऱ्या दोघी. होड्या परवा सुटतात. परत येण्याबद्दल कुणी बोललं नाही आणि मी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. आम्हाला खरी तिथी ठाऊक आहे. दप्तरात तिथी वेगळी लिहिली गेली, जाहीर केलेल्या दिवसाची. तीच आता खरी.

त्यामुळे गावाकडे यांच्या थडग्याशेजारी माझ्यासाठी राखलेली जागा मोकळी राहील. तिथे रताळी लावा. जमीन चांगली आहे, आणि यांना रताळी आवडत.

दाओला हे एकदम सांगू नका. बाळ झाल्यावर सांगा. मी रागावले नव्हते हे मात्र आज सांगा.

आणि एक मागणं आहे. आपल्यात जुनी भांडणं आहेत, पण अंगण उखडणाऱ्या बाईकडे मागायला मला लाज वाटत नाही.

चुकीच्या तिथीला केलेलं श्राद्ध कुणाला पोचतं? आत्मा येतो तो आपल्या दिवशी येतो. पुढे दर वर्षी महाराज सहाव्या महिन्याच्या अमावास्येला येतील, तेव्हा राजवाड्यात चूल थंड असेल. बाकीचे जमतील तेव्हा ते नसतील. या महिन्याच्या पौर्णिमेला, बेवारस आत्म्यांसाठी सगळं शहर पानावर पेज ओतत होतं. महाराज तेव्हा कागदावर जिवंत होते. मी कोपऱ्यातल्या भिंतीशी जाऊन एक पान ठेवून आले. देशाच्या सम्राटाला भिकाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. दुसरं काही करता येत नव्हतं.

समाधीवर मला जमेल ते मी करीन, पण तिथे पहारा असेल आणि मी काही कायमची नाही. म्हणून सांगते. त्या अमावास्येला आपल्या पितरांची पानं मांडलीत की कडेला एक वाटी जास्त मांडत जा. भात गरम असू दे, चुलीवरून उतरवलेला. नाव घेऊ नका, उदबत्ती एकच लावा. दाओलाही शिकवा, ती तिच्या मुलांना शिकवील. कुणाची म्हणून कुणी विचारलं तर सांगा, लग्नाला येऊ न शकलेल्या पाहुण्याची आहे.

पत्र जाळा. तिथी लक्षात ठेवा.

तुमच्या भावाची बायको,
लुआ